येणे बाकी

माझ्या टेबलावर तीन रजिस्टरं :
एक चाव्यांचं, एक हत्यारांचं,
आणि एक, ज्यात फक्त जाणाऱ्यांच्या सह्या.

विक्रोळीच्या या गाळ्यात पूर्वी ट्यूबलाइटचे चोक बनायचे.
आता अठरा-अठरा महिने कल्पना उबवतात.
बोर्डावर असं नाही, बोर्डावर लांबलचक इंग्रजी नाव आहे.
मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं,
इन्क्युबेटर म्हणजे काय, माहीत आहे का घरतबाई?
मी म्हटलं, खुडूक कोंबडी.
ते हसले. नोकरी लागली.

उरणला आई तेरा अंडी रवणीला बसवायची.
सातव्या रात्री एकेक उचलून चिमणीसमोर धरायची,
आत लाल शीर दिसली तर परत टोपलीत,
नाहीतर बाजूला.
इथे त्याला रिव्ह्यू म्हणतात.
दर तिमाहीला होतो, एसी लावून.

चार नंबरला शेवाळाच्या टाक्या.
सहाला माशांच्या खवल्यांची पाकिटं,
त्या वासाच्या तक्रारींची फाइलही माझ्याचकडे.
नऊला नौशीन परकार आणि एल्टन डाबरे.
त्यांची डबी साबणाच्या वडीएवढी, पिवळी,
दोरीला बांधून मॅनहोलात सोडायची,
खाली वायू असला की किंचाळते.
रात्री अकरापर्यंत सोल्डरिंग गन त्यांच्याच नावावर.
नौशीन सही करताना 'परकार'चा प काढायची
आणि पुढे नुसती रेघ. वेळच नसायचा.

गुंतवणूकदार आले त्या दिवशी
मी मागे उभी राहून कप मोजत होते.
पांढऱ्या शर्टातल्यानं विचारलं, बाजार केवढा?
मग विचारलं, स्पर्धक कोण?
एल्टन स्लाइड शोधायला लागला.
मगनभाई सोळंकींना बोलावलं होतं
ते फक्त दोरी कशी धरायची हे दाखवायला.
खुर्चीच्या कडेवर बसले होते, सव्वीस वर्षं गटारात काढलेले.
म्हणाले, झुरळ.
काय?
झाकण उघडलं की आम्ही झुरळं बघतो, साहेब.
फिरत असली तर उतरायचं.
नसली तर चहा प्यायला जायचं.
माझा साडू घाईत होता.

कुणीतरी पेनाचं टोपण लावलं.
टाळ्या वाजवायच्या की नाही ते कळेना,
दोन वाजल्या.
झुरळ फुकट मिळतं, असं त्यांनी टिपून घेतलं असावं,
कारण पैसे शेवाळाला गेले.
(शेवाळवाली पोरंही चांगलीच आहेत. तसं नाही.)

काल नऊ नंबरचे अठरा महिने भरले.
नो ड्यूजचा फॉर्म मीच भरून घेते.
ओळखपत्रं दोन, परत.
चाव्या, परत.
सोल्डरिंग गन, टोक जळालेलं, परत.
पिवळ्या डब्या पाच. चार परत.
पाचवी?
नौशीन बुटाची नाडी बांधत बसली,
एल्टननं छताकडे बघितलं.
मी रकान्यात लिहिलं, येणे बाकी,
आणि खाली सही केली, माझीच मला ओळखू येऊ नये अशी.

एखादं अंडं आई बाविसाव्या दिवशीही टाकायची नाही.
कोंबडी पिल्लं घेऊन अंगणात गेलेली असायची,
आई ते कापसात गुंडाळून चुलीच्या कडेला ठेवायची.
त्यातून कधी काही निघालं का?
आठवत नाही. खरंच आठवत नाही.

आज सकाळी फोन आला, मागे ट्रकचा हॉर्न.
मॅडम, भांडुपला आहोत.
डबीचा लाल दिवा लुकलुकतोय.
वायू आहे की चार्जिंग संपलं?
म्हटलं, मगनभाई, कुणी उतरू नका.
चार्जर माझ्याच खणात होता, नऊ नंबरची चिठ्ठी लावलेला.
पर्समध्ये टाकला.
हालचाल वहीत लिहिलं : कामानिमित्त बाहेर, दहा चाळीस.
पहिला रिक्षावाला भांडुप म्हटल्यावर मान हलवून निघून गेला.
दुसरा थांबला.